बेळगावात घर भाड्याने देताना: किल्ली देण्याआधीची आणि नंतरची कामे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत माडीवरच्या दोन खोल्या पहिल्यांदाच भाड्याने देणारी, किंवा मुले पुण्या-मुंबईला नोकरीला गेल्यामुळे रिकामे पडलेले घर परक्याच्या हाती सोपवणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना माहिती मराठीत हवी असते, आणि मराठीत शोधायला गेले की जे हाती लागते ते जवळजवळ सगळे महाराष्ट्रातल्या घरमालकांसाठी लिहिलेले असते. तिथला 'लीव्ह अँड लायसन्स' करार, त्याची सक्तीची नोंदणी आणि मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर लवकर रिकामे करून घेण्याची सोय, हे सारे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातून आलेले आहे. आपली घरे कर्नाटकात आहेत. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे बोलणे एकच असले, तरी भाड्याच्या घराचा कायदा एक नाही, आणि कोल्हापूरच्या नातेवाइकाने पाठवलेला कराराचा नमुना जसाच्या तसा उतरवून काढणे ही आपल्याकडच्या घरमालकांची सर्वांत पहिली आणि सर्वांत सहज होणारी चूक आहे.

आपल्याकडे दोन कायद्यांचा संबंध येतो. कर्नाटक भाडे कायदा, १९९९ हा त्यातला एक. परंतु काही शहरांत मासिक ३,५०० रुपये आणि इतर क्षेत्रांत २,००० रुपये यांपेक्षा जास्त प्रमाणित भाडे (म्हणजे कायद्यातल्या हिशेबाने ठरणारे भाडे) असलेल्या घरांना, तसेच १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी गाळ्यांना तो लागू होत नाही. आजच्या भाड्यांचा विचार करता टिळकवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर किंवा गणेशपूरमधले नव्याने दिले जाणारे बहुतेक घर या मर्यादेच्या बाहेरच पडते. अशा घरांना मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागू होतो आणि वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयात जातो. तिथे न्याय मिळतो, पण वेळ लागतो. म्हणूनच घरमालकाच्या हातात खरे बळ असते ते किल्ली देण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच दिवसांसाठी आहे. खडेबाजार किंवा शहापुरातल्या जुन्या वाड्यांत दोन-तीन पिढ्या राहत असलेल्या, नाममात्र भाडे देणाऱ्या भाडेकरूंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या बाबतीत वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही करू नये.

आधी स्वतःची कागदपत्रे

भाडेकरूची चौकशी करण्यापूर्वी घर भाड्याने देण्याचा अधिकार आपल्याकडे नेमका कसा आहे, हे पाहावे. आपल्याकडची अनेक घरे आजही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात, वाटणी झालेली नसते, आणि एक भाऊ गावात राहतो म्हणून तोच भाडे घेतो. भाडेकरू चांगला असेपर्यंत यात काही अडत नाही. तो बिघडला, की "मी भाडे तुमच्या थोरल्या बंधूंना दिले" असे सांगून तो भावाभावांतल्या भांडणाचा आडोसा घेतो, आणि नोटीस कोणी द्यायची यावरच महिने निघून जातात. महापालिकेचा किंवा पंचायतीचा उतारा काढून घ्यावा, घरपट्टी व पाणीपट्टी भरलेली असावी, आणि नावे एकापेक्षा जास्त असतील तर करारावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात किंवा एकाला तसे लेखी अधिकार द्यावेत. मालक पुण्यात आणि घर अनगोळात असेल, तर भाडे घेणारा, करार करणारा आणि गरज पडल्यास नोटीस देणारा माणूस कोण, हे मुखत्यारपत्राने आधीच ठरवून ठेवावे.

त्याचबरोबर घराची कामे करून घ्यावीत. कौलारू घर असेल तर मे महिन्यातच कौले फेरून घ्यावीत, कारण बेळगाव-खानापूरचा पाऊस सुरू झाला की गळक्या छपराखाली राहणारा प्रामाणिक माणूसही भाडे अडवतो, आणि त्याचे फारसे चुकतही नाही. ज्या भागात चोवीस तास पाणी येत नाही, तिथे टाकी किती मोठी, मोटर कोण कधी लावणार आणि खालच्या-वरच्या मजल्यांत पाणी कसे वाटायचे, हे आधी ठरवावे. भाड्याच्या घरातले पहिले भांडण माझ्या पाहण्यात बहुधा पाण्यावरूनच होते. भाड्याचे भांडण त्याच्या मागून येते.

कोणाला घर द्यायचे, हे कशावरून ठरवायचे

बेळगावात भाड्याचे घर शोधणारे लोक निरनिराळ्या कामांनी आलेले असतात. मराठा लाइट इन्फंट्री आणि सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ यांच्यामुळे येणारी जवानांची कुटुंबे, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि उद्यमबाग-मच्छे भागातल्या तंत्रशिक्षण संस्थांत शिकणारे विद्यार्थी, फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये पाळीने काम करणारे कामगार, बदलीवर आलेले बँकेचे आणि सरकारी कर्मचारी, आणि खेड्यातून मुलांच्या शाळेसाठी शहरात बिऱ्हाड करणारी शेतकरी कुटुंबे. प्रत्येकाकडून विचारून घेण्याच्या गोष्टी थोड्या वेगळ्या असतात. विद्यार्थी असेल तर आई किंवा वडील प्रत्यक्ष भेटले पाहिजेत आणि करारावर जामीनदार म्हणून त्यांची सही पाहिजे. पाळीवरचे कामगार चौघे मिळून राहणार असतील, तर चौघांचीही नावे करारात यावीत, एकाच्या नावावर चौघे नकोत. जवानांच्या बाबतीत बदली अचानक होते, हे गृहीत धरून मुदतीपूर्वी घर सोडण्याची अट सोपी ठेवावी. त्यांच्याकडे लष्करी ओळखपत्राची झेरॉक्स मात्र मागू नये, ती देण्याची त्यांना मुभा नसते. आधार आणि पॅन कार्ड पुरेसे आहे.

जात, धर्म, आडनाव किंवा घरात बोलली जाणारी भाषा यांवरून भाडेकरू पारखण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि ती सोडून द्यावी असे मी मनापासून सांगतो. ती अन्यायाची तर आहेच, शिवाय तिने घरमालकाचे संरक्षणही होत नाही. "आपल्यातलाच आहे" म्हणून कागद न करता दिलेली घरेच सर्वांत जास्त अडकतात, कारण नात्याच्या माणसाला पावती कशी मागायची, करार कसा मागायचा, असा संकोच आड येतो. भाडे वेळेवर देण्याची ऐपत, आधीच्या घरातली वागणूक, राहणाऱ्यांची संख्या आणि मुक्कामाचा काळ या चार गोष्टी विचाराव्यात, आणि आलेल्या प्रत्येकाला त्याच त्या विचाराव्यात.

ऐपत पाहण्यासाठी नोकरदाराकडून शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि व्यवसाय करणाऱ्याकडून बँकेच्या पासबुकाची पाने मागणे यात गैर काही नाही. भाडे पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून फार वर जात असेल, तर तो माणूस चार महिने ओढाताण करून देईल आणि पाचव्या महिन्यात थकेल. आधार कार्डाची नुसती झेरॉक्स घेऊन थांबू नये. त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपवरून स्कॅन केला, की नाव आणि फोटो खरे आहेत की नाही ते तिथेच कळते. त्या माणसाच्या समोर आणि त्याच्या संमतीने हे करावे, आणि घेतलेल्या प्रती कपाटात बंद ठेवाव्यात. दुकानात किंवा व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नयेत.

सर्वांत उपयोगी चौकशी ही आधीच्या घरमालकाला केलेला फोन असते, आणि ती करायलाच लोक संकोचतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ घर पाहायला आले. बोलणे मृदू, पेहराव नीटनेटका, आगाऊ रक्कम द्यायला तयार. आधीच्या मालकांना मी फोन केला. भाडे देत होते का, या प्रश्नाला "हो, देत होते की" असे उत्तर आले. भांडणतंटा काही? "नाही, तसं काही नाही." मग मी विचारले, "काका, उद्या तुमचं घर परत रिकामं झालं, तर ह्यांनाच पुन्हा द्याल का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही बघा बाबा तुमचं." मला हवे ते उत्तर मिळाले होते. कोणीही मालक माजी भाडेकरूची उघड निंदा करत नाही, पण या एका प्रश्नाला खोटे उत्तर देणेही त्याला जड जाते. सध्याच्या मालकाला भाडेकरू जायलाच हवा असेल तर तो तोंडभर स्तुती करण्याचीही शक्यता असते. म्हणून जमल्यास त्याच्याही आधीच्या मालकाचा नंबर मागावा. तो द्यायला माणूस फारच टाळाटाळ करू लागला, तर थांबावे.

एजंटमार्फत आलेल्या माणसाचीही चौकशी स्वतःच करावी. एजंटाचे काम घर लागले की संपते, आपले तिथून सुरू होते.

मुहूर्ताची घाई

याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण आपल्या भागात ही गोष्ट हमखास घडते आणि मीही त्यात सापडलो आहे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एक कुटुंब आले. "उद्या मुहूर्त चांगला आहे, दूध उतू घालून ठेवतो, कागद दोन दिवसांनी करू," असे ते म्हणाले. सणाच्या दिवशी नाही म्हणणे जिवावर आले आणि मी किल्ली दिली. ते दोन दिवस कधीच आले नाहीत. कधी स्टॅम्प मिळाला नाही, कधी साक्षीदार गावाला गेला, कधी त्यांना कामावरून सुट्टी नव्हती. तीन महिने कागदाशिवाय गेले, नंतर भाडे अडले, आणि घर परत हाती यायला त्यानंतर सव्वा वर्ष लागले. त्या काळात ठरलेले भाडे किती आणि अनामत किती दिली, हेसुद्धा माझ्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द असे होऊन बसले. मुहूर्त साधायचाच असेल तर करार त्याआधी पूर्ण करावा. तो झाला नसेल तर आपण स्वतः बरोबर जाऊन दार उघडावे, त्यांना दूध उतू घालू द्यावे, आणि कुलूप लावून किल्ली आपल्याकडेच ठेवावी. याचा राग येणारा माणूस पुढेही प्रत्येक गोष्टीला रागावणार असतो.

करारपत्र

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी नसेल तर त्यातल्या अटी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. म्हणून ११ महिन्यांचा करार करण्याची पद्धत पडली आहे. ती गैर नाही, परंतु ११ महिने झाले की भाडेकरू आपोआप बाहेर जातो, असा जो समज आहे तो साफ चुकीचा आहे. मुदत संपल्यावर आपण मुकाट्याने भाडे घेत राहिलो, तर तो महिन्या-महिन्याचा भाडेकरू म्हणून पुढे चालू राहतो आणि त्याला काढायला रीतसर नोटीस लागते. म्हणून दहाव्या महिन्यातच नव्या कराराचे किंवा घर सोडण्याचे लेखी ठरवावे. याच्या उलट दिशेचाही एक गैरसमज आहे, तो म्हणजे बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो. भाडेकरूचा ताबा हा मालकाच्या परवानगीने असतो, त्यामुळे तो नुसत्या वर्षांच्या हिशेबावर मालक होत नाही. मात्र करारही नाही आणि पावत्याही नाहीत अशा घरात तो भाडेकरू होता हेच सिद्ध करायची पाळी येते.

स्टॅम्पच्या बाबतीत "शंभराचा बाँड घ्या" हा सल्ला ऐकू नये. कर्नाटकात आता ई-स्टॅम्प लागतो, आणि त्याची रक्कम भाडे, अनामत आणि मुदत यांवर ठरते. ती उपनिबंधक कार्यालयात किंवा वकिलाकडून नक्की करून घ्यावी. शुल्क कमी पडले असेल आणि कागद न्यायालयात दाखवण्याची वेळ आली, तर कर्नाटक मुद्रांक कायद्यानुसार कमी पडलेले शुल्क आणि शिवाय त्याच्या दहापट दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेतला जात नाही. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. ई-स्टॅम्पवर दोन्ही पक्षांची नावे बरोबर आली आहेत ना, हे सह्या करण्यापूर्वी वाचावे.

भाषेबद्दल एक सावधगिरी. करार कन्नड, इंग्रजी किंवा मराठी कोणत्याही भाषेत झाला, तरी सही करणाऱ्या दोन्ही पक्षांना तो समजला पाहिजे. टायपिंग करून देणाऱ्याकडचा तयार कन्नड नमुना न वाचता सही करणारे मराठी घरमालक मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या दुरुस्तीच्या आणि मुदतीच्या अटी त्यांना वाद झाल्यावर कळल्या. वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून प्रत्येक कलम मोठ्याने वाचून, अर्थ समजावून घ्यावा; भाडेकरू कन्नडभाषक असेल आणि करार मराठीत असेल, तर हेच त्याच्यासाठी करावे आणि तसे केल्याची नोंद शेवटी लिहून त्याची सही घ्यावी.

करारात भाडे कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या बँक खात्यात जमा व्हायचे, अनामत किती आणि ती कोणत्या कारणांसाठी कापली जाईल, दरवर्षी वाढ किती, वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे, कोणकोण राहणार, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, घराचा उपयोग राहण्यासाठीच करायचा, किरकोळ दुरुस्ती कोणाची आणि छप्पर, भिंती, मुख्य नळ यांची कोणाची, आणि घर सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, इतके स्पष्ट आले पाहिजे. शेवटची कलमे लोक घाईत उरकतात. भाडे सलग दोन महिने थकले तर मालकाला करार संपवता येईल, हे वाक्य त्यात शब्दशः असावे, कारण असा अधिकार करारात लिहिलेला नसेल तर मुदतीच्या मध्येच करार मोडणे अवघड जाते.

'लीज' किंवा 'भोग्य' म्हणून जो प्रकार चालतो, म्हणजे काही लाख रुपये एकरकमी घ्यायचे, महिन्याचे भाडे घ्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम परत करायची, तो नव्या घरमालकाने शक्यतो टाळावा. ती रक्कम घरखर्चात किंवा लग्नकार्यात जाते, आणि परत देण्याची वेळ आली की ताबा सोडायला नकार देण्याचे रास्त कारण आपणच समोरच्याच्या हातात दिलेले असते.

पोलिसांकडे माहिती

करारावर सह्या झाल्या की भाडेकरूची माहिती, फोटो आणि ओळखपत्राची प्रत आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्यावी आणि दिल्याची पोच घेऊन ठेवावी. बेळगाव शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे. ग्रामीण भागासाठी जिल्हा पोलिसांची ठाणी आहेत. ही माहिती देणे म्हणजे भाडेकरूवर संशय घेणे नव्हे, आणि तसे त्याला आधीच सांगावे. परदेशी विद्यार्थी राहायला येत असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये ऑनलाइन भरणे हे घरमालकाचे काम आहे, ते विसरू नये.

किल्ली देतानाचा अर्धा तास

किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूबरोबर घरभर एकदा फिरावे. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढावा. भिंतीवरची ओल, फरशीला गेलेला तडा, कडी न लागणारी खिडकी, ठिबकणारा नळ, सगळे दिसू द्यावे. लपवून काही मिळत नाही. पंखे, दिवे, गिझर, कपाटे मोजून एका कागदावर लिहावीत आणि खाली दोघांनी सही करावी. मग दोघांनी मिळून मीटरपाशी जावे, त्यावरचा आकडा लिहून घ्यावा आणि फोटो काढावा.

विजेचा विषय आपल्याकडे थोडा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो. हेस्कॉमचे मीटर मालकाच्या नावावर असते आणि थकलेले बिल शेवटी त्याच जोडणीवर चढते. २०२३ पासून सुरू असलेल्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापरासाठी मोफत विजेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो, आणि त्यासाठी तो आपला आधार क्रमांक त्या मीटरच्या खाते क्रमांकाशी जोडतो. आधीच्या भाडेकरूची जोडणी काढलेली नसेल तर नव्या माणसाला लाभ मिळत नाही, आणि वापर २०० युनिटच्या वर गेला तर त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. या दोन गोष्टी भाडेकरूला सुरुवातीलाच सांगितल्या, तर "तुमच्या मीटरमुळे मला बिल आले" हा वाद निघत नाही.

भाडे थकू लागले, तर

पहिल्यांदा उशीर झाला तेव्हाच बोलावे, आणि बोलल्यानंतर त्याच दिवशी एक साधा संदेश पाठवावा: अमुक महिन्याचे भाडे बाकी आहे, आपण अमुक तारखेला देतो म्हणालात. संदेशात राग नसावा, पण तारीख असावी. माणसाची अडचण खरी असू शकते. उद्यमबागेतला कारखाना दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आला, की तिथल्या कामगाराच्या घरी काय होते हे आपल्याला ठाऊक असते. अशा वेळी हप्ते बांधून द्यावेत, अनामतीतून एक महिना वळता करण्याचे लेखी ठरवावे. सवलत देण्यात नुकसान नाही, ती तोंडी देण्यात आहे. भाडे रोखीने घेतले तर पावती द्यावी आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर सही घ्यावी. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे "बघू पुढे" म्हणत वर्षे घालवू नयेत.

भाड्याखेरीजचे त्रास, म्हणजे रात्रीचा गोंगाट, करारात नसलेली माणसे राहायला येणे, भिंती फोडणे, शेजाऱ्यांशी भांडणे, यांच्या बाबतीतही हीच रीत आहे: आधी समोरासमोर बोलणे, मग लेखी कळवणे, आणि प्रत्येक प्रसंगाची तारीखवार नोंद. मारहाण, धमकी, चोरी किंवा बेकायदा धंद्याचा संशय असेल तर तो घरभाड्याचा वाद राहत नाही. ११२ क्रमांकावर किंवा ठाण्यात लगेच कळवावे.

काही गोष्टी कितीही संताप आला तरी करू नयेत. भाडेकरू बाहेर गेला असताना कुलूप बदलणे, वीज किंवा पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे, चार माणसे घेऊन जाऊन धमकावणे. कायद्याच्या मार्गाने न जाता बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा मुद्दाच विचारात घेतला जात नाही. शिवाय फौजदारी तक्रार होते ती वेगळीच. सात महिन्यांचे भाडे बुडवणारा माणूस एका संध्याकाळच्या रागामुळे फिर्यादी होतो आणि आपण आरोपी. पोलिसांकडे घर रिकामे करून द्या म्हणून जाण्यातही उपयोग नाही. ते त्यांच्या अधिकारात येत नाही.

नोटीस आणि न्यायालय

महिना-महिन्याच्या भाडेकरूला, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती सही केलेली असावी, आणि पोचपावतीसह टपालाने पाठवावी किंवा त्याच्या किंवा घरातल्या माणसाच्या हाती द्यावी. तेही शक्य नसेल तर घराच्या ठळक जागी चिकटवता येते. नोटीस वकिलाकडूनच द्यावी असा नियम नाही, तरी पहिल्यांदाच देणाऱ्याने वकिलाकडून लिहून घ्यावी, कारण करार मोडल्याची नोटीस आणि मुदत संपल्याची नोटीस यांचे शब्द वेगळे असतात.

नोटिशीची मुदत उलटल्यानंतर पुढच्या काळाचे भाडे खात्यात येऊन पडले, तर तिथे बहुतेकजण फसतात. असे भाडे काही न बोलता स्वीकारले, तर आपण नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. म्हणून पैसे आले की लगेच लेखी कळवावे की ही रक्कम घराच्या वापराची भरपाई म्हणून, आपला हक्क राखून घेत आहोत, आणि नोटीस कायम आहे.

तरीही घर सुटले नाही, तर दिवाणी न्यायालयात ताब्याचा, थकबाकीचा आणि बेकायदा राहिलेल्या काळाच्या भरपाईचा दावा एकत्र करता येतो. त्यातल्या ताब्याच्या मागणीचे न्यायालयीन शुल्क घराच्या बाजारभावावर नाही, तर एका वर्षाच्या भाड्यावर मोजले जाते, त्यामुळे त्या खर्चाला घाबरून बसण्याचे कारण नाही. दावा केवळ थकबाकीवर उभा असेल, तर भाडेकरूने सुनावणीत थकलेली रक्कम, व्याज आणि खर्च भरल्यास न्यायालय त्याला राहू देऊ शकते, हे मनात धरून चालावे. घरमालक स्त्री असेल, तर उत्पन्न कितीही असले तरी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. एकट्या राहणाऱ्या आणि घरभाड्यावर चालणाऱ्या कितीतरी स्त्रियांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

दावा चालू असताना लोकअदालतीत तडजोडीची संधी आली तर ती हलकी समजू नये. समजा, पन्नास हजारांची थकबाकी आहे आणि भाडेकरू दोन महिन्यांत घर सोडून तीस हजार देण्यास तयार आहे. वीस हजार सोडणे मनाला लागते खरे, पण लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते, आणि घर दोन महिन्यांत परत भाड्याने देता येते. माझ्या बाबतीत मी असेच केले.

घर परत घेताना

घर शांतपणे सुटत असो वा वादानंतर, ताबा घेण्याची रीत सारखीच असते. सुरुवातीची यादी आणि व्हिडिओ समोर ठेवून दोघांनी घर पाहावे. रंग फिका पडणे, फरशी झिजणे ही वापरातली झीज आहे, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेले बेसिन किंवा तोडलेले दार असेल तर दुरुस्तीची पावती दाखवून कापावेत. मीटरचा आकडा लिहून शेवटचे बिल काढून घ्यावे आणि गृहज्योतीची जोडणी काढल्याचे त्याच्याच मोबाइलवर पाहून घ्यावे, कारण तो निघून गेल्यावर त्यासाठी त्याला शोधत फिरावे लागते. अनामतीचा हिशेब एका कागदावर मांडून उरलेली रक्कम त्याच दिवशी बँकेतून पाठवावी. त्याच कागदावर 'घराचा रिकामा ताबा आणि सर्व किल्ल्या आज मालकास दिल्या, कोणतेही येणे राहिले नाही' असे लिहून, तारीख आणि वेळ घालून, त्याची आणि एका साक्षीदाराची सही घ्यावी. त्यानंतर पोलीस ठाण्यात भाडेकरूने घर सोडल्याचे कळवावे, आणि नवी पाटी लावण्याआधी कुलूप बदलावे.